ॲपने भाषा खरंच येते का? बडोद्यात बसून स्वतः तपासायचं असेल तर इथून सुरुवात करा

एम.एड.च्या डिसर्टेशनची वेळ आली की कोणी ना कोणी हा विषय घेतंच, "संगणकाच्या साहाय्याने भाषा शिकवण्याची परिणामकारकता", आणि तिकडे दांडिया बझार-रावपुऱ्याकडे मुलांचे संध्याकाळचे मराठी वर्ग चालवणाऱ्या ताई-काकू तोच प्रश्न साध्या शब्दात विचारतात, की टॅब घ्यायला थोडे पैसे जमलेत, घेऊ का नको? हा लेख दोघांसाठी आहे. ज्यांनी आजपर्यंत एकही रिसर्च केलेला नाही त्यांच्यासाठी तर नक्कीच. बेरीज, वजाबाकी, सरासरी येत असेल तर पुढचं सगळं जमतं, सॉफ्टवेअर नाही आलं तरी एक्सेलमध्ये होतं.

उदाहरण आपण एकच धरून चालू म्हणजे गोंधळ नको. बडोद्याची मराठी मुलं, घरात मराठी बोलतात, शाळा गुजराती नाहीतर इंग्लिश मीडियम. देवनागरी हिंदीमुळे ओळखीची असते पण मराठी गोष्टीचं पुस्तक हातात दिलं की "दुसऱ्या", "वाऱ्यावर" असल्या शब्दांवर थांबतात कारण तो ऱ्य त्यांनी ना हिंदीत पाहिलेला ना गुजरातीत. अशा मुलांना मराठी वाचायला शिकवायचंय आणि त्यात टॅबवरचं ॲप वापरायचं की नाही हे ठरवायचंय.

आधी प्रश्न छोटा करा

"ॲप उपयोगी आहे का" हा प्रश्न रिसर्चचा नाहीच, तो दुकानातला प्रश्न आहे. रिसर्चचा प्रश्न असा असतो: कोणत्या मुलांना, कोणती गोष्ट, किती आठवड्यात, आणि मुख्य म्हणजे *कशाच्या ऐवजी*. हे शेवटचं लोक हमखास विसरतात आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा जीव तिथेच आहे. ॲप आलं म्हणजे काहीतरी गेलं, बाईंचा वेळ गेला किंवा खेळायचा वेळ गेला किंवा आधी काहीच नव्हतं. यातलं काय गेलं त्यावर निकाल उलटा-सुलटा होतो, खाली आकड्यांसकट दाखवते.

आपला प्रश्न असा लिहू: तिसरी ते पाचवीची मराठी घरातली मुलं, आठवड्यातून तीन दिवस, रोजच्या एका तासातला अर्धा तास बाईंच्या वाचनाऐवजी ॲपवर घालवतात, तर बारा आठवड्यांनी मिनिटाला बरोबर वाचलेले शब्द दुसऱ्या मुलांपेक्षा जास्त वाढतात का? लांबलचक आहे, पण यातला प्रत्येक शब्द नंतर कामाला येतो. हे वहीच्या पहिल्या पानावर तारीख टाकून लिहून ठेवा आणि निकाल आल्यावर बदलू नका.

थोडं वाचा, आणि वाचायला घरापासून सुरुवात करा

या विषयातला जगभर उल्लेख होणारा एक प्रयोग आपल्याच गावात झालाय हे बडोद्यातल्या किती जणांना माहीत आहे कोण जाणे. गुजरात सरकारने २००० साली इथल्या म्युनिसिपालिटीच्या १०० प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार कॉम्प्युटर दिले होते, आणि २००२ मध्ये पाहणी केली तेव्हा त्यातले फारच थोडे वापरात होते. मग मुलांच्या शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' या संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास कॉम्प्युटरवर गणिताचे गेम द्यायला सुरुवात केली, एका मशीनवर दोन मुलं, आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन यांनी ते मोजलं. पेपर २००७ मध्ये आला, बॅनर्जी-डुफ्लोंना २०१९ मध्ये मायकल क्रेमर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

निकाल: गणितात पहिल्या वर्षी ०.३५ आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ स्टँडर्ड डेव्हिएशन इतकी वाढ, म्हणजे चांगलीच. (स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे मुलांचे मार्क सरासरीभोवती साधारण किती पसरलेत ते माप, पुढे हिशेब करू तेव्हा कळेल.) पण दोन गोष्टी आणखी होत्या ज्या पुढे कोणी सांगत नाही. भाषेच्या मार्कांत दिसेल असा फरक पडला नाही, आणि पडणार कसा, गेम गणिताचे होते. आणि कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर तो फायदा ०.१ च्या आसपास उरला. म्हणून "कॉम्प्युटरने मुलं हुशार होतात" हे वाक्य बडोद्याच्या आकड्यांवर उभं राहत नाही. "ज्याचा सराव केला ते सुधारतं, आणि सराव थांबला की बरंचसं विरतं" हे मात्र उभं राहतं.

दुसरा पेपर त्याच लिंडन यांचा, २००८ चा, गुजरातमधल्याच ज्ञानशाला या संस्थेच्या वर्गांचा. इथेही गणितच. कॉम्प्युटरचा तास जिथे शिक्षकांच्या शिकवण्याऐवजी ठेवला तिथे मुलं ०.५७ स्टँडर्ड डेव्हिएशनने *मागे* पडली, आणि जिथे शाळेच्या वेळेबाहेर जादा म्हणून ठेवला तिथे ०.२८ ने पुढे गेली. एकच कार्यक्रम, तशीच मुलं, आणि उत्तर उलटं! त्या वर्गातली शिकवण्याची पद्धत मुळातच चांगली बसवलेली होती, त्यातला वेळ काढून घेतला तर नुकसान होणारच. वर "कशाच्या ऐवजी" म्हणून जे ओरडून सांगितलं ते यासाठी.

आता भाषेवरचे. महाराष्ट्रात 'प्रथम'नेच प्राथमिक शाळेतल्या मुलांना इंग्लिश शिकवायला पिकटॉक नावाचं एक मशीन वापरून पाहिलं, चित्रावर काडी टेकवली की शब्द ऐकू येतो असं, आणि त्याची तुलना शिक्षकांनी घेतलेल्या खेळ-कृतींशी केली. दोन्हींनी इंग्लिश सुधारलं. पण जी मुलं आधीच बरी होती त्यांना आपापल्या वेगाने चालणाऱ्या मशीनचा जास्त फायदा झाला आणि कच्च्या मुलांना शिक्षकांच्या कृतींचा. म्हणजे नुसती सरासरी काढून थांबलात तर खरी गोष्ट हातातून निसटते. दिल्लीत माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरवर मुरलीधरन, सिंग आणि गनिमियन यांनी लॉटरी काढून अभ्यास केला (२०१९ ला छापला), साडेचार महिन्यात हिंदीत ०.२३ आणि गणितात ०.३७ वाढ. पण त्या केंद्रात दीड तासापैकी निम्मा वेळ सॉफ्टवेअर आणि निम्मा वेळ छोट्या गटात माणूस शिकवत होता, तेव्हा सगळं श्रेय सॉफ्टवेअरला देऊन टाकू नका.

परदेशातलं फार वाचायची गरज नाही, चार नावं पुरे. १९६० च्या दशकात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात लँग्वेज लॅबचा (हेडफोन लावून टेप ऐकत भाषेचा सराव करायची खोली) मोठा अभ्यास झाला, आठवड्यातून दोनदा लॅबमध्ये बसून मुलांच्या भाषेत फरक दिसला नाही आणि लॅबवाले फार नाराज झाले. १९८३ मध्ये रिचर्ड क्लार्क यांनी लिहिलं की माध्यम म्हणजे किराणा आणणारा ट्रक, पोषण किराण्यात असतं ट्रकमध्ये नाही. यावर रॉबर्ट कोझ्मा यांनी वाद घातला, माध्यमामुळे काही गोष्टी नव्याने शक्य होतात म्हणाले, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. २०१३ मध्ये ग्रुगुरोविच, चॅपेल आणि शेली यांनी १९७० ते २००६ मधले ३७ अभ्यास एकत्र केले, भाषा शिकताना टेक्नॉलॉजी वापरलेले गट पुढे होते पण थोडेसेच. आणि २०१४ मध्ये गोलोंका आणि सहकाऱ्यांनी ३५० च्या वर अभ्यास चाळले आणि म्हणाले की छापलेलं ढीगभर आहे, पुरावा कमी, त्यातल्या त्यात उच्चार शिकवणारी, बोललेलं ओळखणारी सॉफ्टवेअर आणि लिहून चॅट करणं या दोन ठिकाणी पुरावा भक्कम.

उच्चारावरून आपल्या कामाचं एक. गुजराती मीडियमचं मूल "चोर" आणि "जावई" यातले च-ज सुद्धा "चहा" आणि "जीव" सारखेच म्हणतं. फोनला बोलून दाखवलं तर उच्चार बरोबर असो की चूक, फोन "चोर" असंच टाइप करून देईल कारण अक्षर एकच, मुलाला वाटणार बरोबर झालं. म्हणजे इंग्लिशसाठी मिळालेला पुरावा मराठीवर तसाच चिकटवता येत नाही, इथे कान माणसाचाच लागतो.

जुने थिसिस बघायचे तर शोधगंगा या वेबसाइटवर फुकट मिळतात. आणि भारतातल्या शिक्षण-संशोधनाचा पहिला मोठा आढावा १९७४ साली एम. बी. बुच यांनी इथेच, सयाजीराव युनिव्हर्सिटीच्या 'केस' (CASE) या शिक्षण-अभ्यासाच्या केंद्रातून काढला होता, म्हणजे आपल्या घराजवळच हे काम सुरू झालंय, लाजायचं कारण नाही.

गट पाडायचे ते चिठ्ठ्या टाकूनच

"सोमवारची बॅच ॲपवाली आणि मंगळवारची बिनॲपची" असं अजिबात करू नका. सोमवारी येणाऱ्या मुलांच्या आया वेगळ्या, घरं वेगळी, क्लासेस वेगळे. "ज्यांना हवंय त्यांना ॲप" हे तर त्याहून वाईट, कारण ज्याला हवंय ते मूल तसंही पुढे जाणार होतं.

आधी सगळ्यांची चाचणी घ्या, मार्कांनुसार वरून खाली यादी लावा, लागून आलेल्या दोघांची जोडी करा आणि प्रत्येक जोडीत चिठ्ठी टाका, एक ॲपमध्ये एक दुसऱ्या गटात. पालकांसमोर टाका म्हणजे नंतर कुरबुर नाही. सख्खी भावंडं एकाच गटात ठेवा, नाहीतर रात्री एकाच टॅबवर दोघं बसतात आणि तुमची तुलना गेली.

दोन्ही गटांना वेळ सारखा, शिकवणारी व्यक्ती तीच, धडे तेच. ॲपच्या मुलांना अर्धा तास *जास्त* दिलात आणि ती पुढे गेली तर तुम्ही ॲप तपासलं नाही, अर्धा तास तपासलात. जादाच द्यायचा असेल तर दुसऱ्या गटालाही तेवढाच जादा वेळ पुस्तकं घेऊन बसवा.

पालकांकडून लेखी परवानगी घ्या, मराठीत किंवा गुजरातीत, जी भाषा ते वाचतात त्यात. कधीही सोडता येईल हे त्यात असलं पाहिजे. आणि दुसऱ्या गटालाही नंतर टॅब मिळणार हे पहिल्याच मीटिंगमध्ये तारखेसकट सांगा.

कॅलेंडर बघितल्याशिवाय तारखा ठरवू नका

बडोद्यात गणपतीपासून दिवाळीपर्यंत काहीही मोजायला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. नवरात्रीत नऊ रात्री गरबा, संध्याकाळच्या वर्गात कोण येणार, आणि आली तरी झोपेत. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की पहिली चाचणी, मग बारा आठवडे काम, मध्ये उत्तरायणचे दोन दिवस सोडून द्या (त्या आठवड्यात मांजा आणि पतंग सोडून डोक्यात काही नसतं), फेब्रुवारीत दुसरी चाचणी, आणि शाळेची वार्षिक परीक्षा झाल्यावर एप्रिलमध्ये तिसरी.

बारा आठवडे का? कारण नवीन टॅब हातात आला की पहिले दोन-तीन आठवडे कुठलंही मूल उत्साहात असतं, तो नवेपणाचा उत्साह मोजून "परिणाम" म्हणून छापलेले अभ्यास पुष्कळ आहेत. दोन आठवड्यांचा प्रयोग करून निष्कर्ष काढणार असाल तर नका करू, ते पैसे पुस्तकांवर घाला.

तिसरी चाचणी बहुतेक जण गाळतात आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग बघा, एक गट उतारा परत परत वाचत होता, दुसरा वाचून मग आठवून लिहीत होता. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. परीक्षा कधी घेतली यावर विजेता बदलला! आणि बडोद्याचे ०.४७ चे ०.१ कसे झाले ते वर आलंच आहे.

चाचणी ॲपच्या बाहेरची हवी

ॲपमधले शब्द, ॲपमधली चित्रं, ॲपसारखेच पर्याय घेऊन परीक्षा घेतली तर ॲपचा गट जिंकणारच, त्यात शिकण्यासारखं काही नाही. ॲप स्वतः जे "८७ टक्के प्रगती" वगैरे दाखवतं ते तर रिपोर्टमध्ये घेऊच नका.

वाचनासाठी सगळ्यात सोपी चाचणी म्हणजे एक मिनिट मोठ्याने वाचन. दोन्ही गटांनी न पाहिलेला साधारण दीडशे शब्दांचा उतारा, मोबाइलवर टायमर, बरोबर वाचलेले शब्द मोजायचे. नंतर चार साधे प्रश्न, गोष्ट कळली का ते बघायला, कारण धडाधडा वाचून काहीच न समजलेली मुलं असतात. उताऱ्यात आठ-दहा ऱ्य आणि जोडाक्षरवाले शब्द मुद्दाम घाला आणि ते वेगळे मोजा. तिन्ही वेळा उतारा वेगळा पण अवघडपणा सारखा. उतारे आधी प्रयोगात नसलेल्या पाच-सहा मुलांकडून वाचून घेऊन बघा, कुठला सोपा कुठला अवघड लगेच कळतं. ज्यांना स्वतः उतारे बनवायचे नाहीत त्यांनी 'असर' (ASER) या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणाची साधनं वापरावीत, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पातळ्या असतात, मराठीत पण आहेत आणि गुजरातीत पण, फक्त त्या पातळ्या मोठ्या आहेत, बारा आठवड्यातला बारीक फरक त्यात दिसेलच असं नाही.

चाचणी घेणाऱ्याला कुठलं मूल कुठल्या गटातलं हे माहीत नसावं. तुम्ही स्वतः घेऊ नका, तुमचं मन नकळत ॲपकडे झुकलेलं असतं, दुसऱ्या वर्गाच्या ताईंना बोलवा आणि त्यांच्या वर्गात तुम्ही जा. वाचन रेकॉर्ड करून ठेवा म्हणजे शंका आली तर परत ऐकता येतं.

रोजची वही

कोण आलं, किती मिनिटं प्रत्यक्ष ॲपवर होतं, लाइट गेली का, हेडफोन बिघडला का, टॅबवर दोन मुलं बसली का. कंटाळवाणं काम आहे पण निकाल शून्य आला तर "ॲप निरुपयोगी" आणि "ॲप वापरलंच गेलं नाही" यातला फरक ही वहीच सांगते. दिल्लीच्या अभ्यासातसुद्धा लॉटरी लागलेल्या मुलांची सरासरी हजेरी ५८ टक्के होती, तेव्हा तुमच्याकडे सगळे रोज येतील असं धरू नका.

हिशेब

समजा (आकडे कल्पनेतले आहेत) ॲपचा गट मिनिटाला ३२ शब्दांवरून ४७ वर गेला, म्हणजे १५ ने वाढला, आणि दुसरा गट ३३ वरून ४३ वर, म्हणजे १० ने. ॲपमुळे झालेली वाढ १५ नाही हं, *फरक* ५ चा आहे, कारण १० तर बाईंनी शिकवूनही झालेच असते. आता पहिल्या चाचणीत सगळ्या मुलांचं स्टँडर्ड डेव्हिएशन १२ होतं समजा, तर ५ भागिले १२, सुमारे ०.४. हा तुमचा इफेक्ट साइज, म्हणजे परिणाम किती मोठा ते सांगणारा आकडा. कोहेन यांच्या जुन्या पट्टीवर ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा. पण भाषा शिकण्याच्या रिसर्चसाठी प्लोन्स्की आणि ओसवाल्ड यांनी २०१४ मध्ये वेगळी पट्टी सुचवली, गटा-गटातल्या तुलनेत ०.४ लहान, ०.७ मध्यम, १ मोठा, म्हणजे आपलं ०.४ लहानच.

आणि गटात पंधरा-पंधराच मुलं असतील तर हे ०.४ फार डळमळीत आहे, खरा आकडा ढोबळ हिशेबाने उणे ०.३ पासून १.१ पर्यंत कुठेही असू शकतो. ०.४ एवढा फरक खात्रीने पकडायला प्रत्येक गटात सुमारे शंभर मुलं लागतात. पहिल्या चाचणीचे मार्क हिशेबात घेतले तर थोडी कमी चालतात. एका वर्गात शंभर मुलं कुठून आणणार, म्हणून चार-पाच वर्गांनी मिळून एकच प्रयोग करावा, तेच उतारे, तेच वेळापत्रक. रावपुऱ्याच्या वर्गाने एक केलं आणि मांजलपूरच्याने दुसरं तर दोन्ही वाया.

सरासरी झाली की मग यादीचे दोन भाग करून बघा, सुरुवातीला वर असलेली मुलं आणि खाली असलेली. पिकटॉकमध्ये जे दिसलं ते तुमच्याकडे दिसतंय का? थोड्या मुलांवर हा नुसता अंदाज असतो, तसाच लिहा. आणि एक्सेलमध्ये दहा प्रकारे कापून जिथे फरक दिसेल तेवढंच छापायचं हे करू नका, पहिल्या पानावर लिहिलेला प्रश्न काढा आणि त्याचं उत्तर आधी लिहा.

मध्येच सोडून गेलेली मुलं यादीतून खोडू नका. ज्यांना ॲप कंटाळवाणं वाटलं तीच बहुधा गेली असतील, त्यांना वगळलं की उरलेल्यांची सरासरी आपोआप छान दिसते. त्यांच्या घरी जाऊन शेवटची चाचणी घ्या, कपभर चहा होईल आणि ती का सोडून गेली तेही कळेल, जे कुठल्याच मार्कात येत नाही.

लिहिताना

ॲपचं नाव, व्हर्जन, कुठले धडे, किती मिनिटं, बाईंनी त्या वेळात काय शिकवलं हे सगळं लिहा, दुसऱ्या वर्गाला वाचून तसंच करता आलं पाहिजे. फरक नाही आला तरी तितक्याच आकाराच्या अक्षरात लिहा. गाइड म्हणतील की "निकाल यायला हवा होता", त्यांना नम्रपणे सांगा की हाच निकाल आहे, आणि त्यामुळे पुढच्या मंडळाचे टॅबचे पैसे वाचू शकतात. मुलांची नावं काढून कोड नंबर घालून मार्कांची शीट जपून ठेवा, दुसऱ्या वर्गांची शीट आली की जोडता येते.

टॅब घेऊ का विचारणाऱ्या काकूंसाठी एवढंच: घेण्याआधी दोन-तीन टॅब कोणाकडून उसने मागा, आणि बाईंचा वाचनाचा अर्धा तास जसाच्या तसा ठेवून, त्यानंतरच्या रिकाम्या वेळात मुलांना आळीपाळीने त्यावर बसवा. तेवढाच वेळ बाकीच्यांना गोष्टीची पुस्तकं द्या, आणि एक मिनिटाचं वाचन आजच घेऊन ठेवा.